मोबाइलमधला सालदार आणि त्याचा विसर



या पानावर आजवर बेणे, खोडवा, पाचट, हुमणी या विषयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा विषय जरा निराळा आहे. पण तो शेवटी युरियाच्या बॅगेपर्यंत येऊन पोचतो, म्हणून तो सभासदांच्या कामाचा आहे असे मी धरून चालतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आता पोरेसोरे मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाशी बोलतात. मराठीत विचारले की मराठीत उत्तर येते. राज्य शासनाच्या कृषी विभागानेही २०२५ च्या मे महिन्यात ‘महाविस्तार’ नावाचे अॅप काढले, त्यातही प्रश्न विचारायची सोय आहे. आमच्या घरात हे यंत्र पुतण्याने आणले. आणले म्हणजे काय, मोबाइलमध्ये उतरवून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही दोन एकर सुरू ऊस लावला, त्या दिवसापासून तो त्याला विचारत होता आणि मी मागे उभा राहून ऐकत होतो. यंत्राची उत्तरे बरी असत. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी मी ताडून पाहत असे, बहुतेक जुळत. जून महिन्यात मात्र गाडी रुळावरून घसरली. ती कशी घसरली आणि परत कशी आणली, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आधी वावराची हकिगत सांगतो, म्हणजे पुढचे समजेल.

आमचे दोन तुकडे आहेत. एक आखराजवळचा, दोन एकर, काळी कसदार जमीन, विहिरीला गोडे पाणी. त्यात को ८६०३२ हे वाण लावले. दुसरा तुकडा नदीकडचा, एक एकर, तो खारपाणपट्ट्यात जातो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या सभासदांना खारपाण म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. वरून जमीन सोन्यासारखी दिसते, खाली चोपण आणि विहिरीचे पाणी जिभेवर ठेववत नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. त्या एका एकरात हौस म्हणून थोडा ऊस लावून पाहिला होता. शहाण्याने करू नये असा हा उद्योग. पण ते असो.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी सुमारे १०० किलो नत्र. हे नत्र एकदम देत नाहीत. लावणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के. स्फुरद आम्ही सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिले, त्यात नत्र नसते. म्हणून सगळे नत्र युरियातून. युरियात नत्र ४६ टक्के आणि बॅग ४५ किलोची. दोन एकराचा हिशोब केला तर लावणीला एक बॅग, दुसऱ्या हप्त्याला चार, तिसऱ्याला एक आणि बांधणीला चार. एकूण दहा बॅगा.

आता जूनचा तिसरा आठवडा. बांधणीची तयारी चालली होती. पुतण्याने यंत्राला विचारले, “आखराच्या वावराची मोठी बांधणी आहे, युरिया किती टाकू?” यंत्राने झकास उत्तर दिले. आकडेमोड दाखवली, एकराचे हेक्टर, हेक्टरचे किलो, सगळे. आणि शेवटी म्हटले, दोन एकराला साधारण दहा बॅगा.

मी म्हटले, “दहा? अरे, सहा तं आधीच टाकल्या न आपण!”

पोरगा म्हणाला, “काका, सारं त्याले सांगतलं होतं मी. लावणीपासून एकेक गोष्ट सांगतली.”

“मंग इसरला काय तो?”

“इसरलाच वाटते.”

दहा बॅगा बांधणीला पडल्या असत्या तर काय झाले असते, हे सभासदांना मी सांगायचे म्हणजे सूर्याला दिवा. ऊस हिरवागार, लुसलुशीत, जाडजूड दिसला असता, रस्त्याने जाणाऱ्याने कौतुक केले असते. पावसाच्या एका झोताला आडवा झाला असता. किडीला मेजवानी. पक्वता लांबली असती आणि उतारा पडला असता. उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याचा पाया धरून ठरते, तेव्हा एकाच्या वावरात पडलेला उतारा सगळ्यांच्या दराला खाली ओढतो. शिवाय सहा बॅगांचे पैसे पाण्यात, ते निराळेच.

आता यंत्र विसरले का, याचा शोध मी घेतला. मी काही इंजिनिअर नव्हे. पण जे कळले ते साध्या शब्दांत सांगतो.

आपल्याला वाटते, हा मोबाइलमधला गडी आपल्याला ओळखतो. तसे नसते. त्याचे जे शिक्षण झाले ते आपण त्याच्याशी बोलायच्या आधीच होऊन गेलेले असते. आपण बोललेले त्या शिक्षणात लगेच मिसळत नाही. मग कालचे त्याला आज कसे ठाऊक असते? तर दर वेळी आपण नवा प्रश्न टाकला की त्याच संभाषणातला आधीचा सगळा मजकूर त्याच्यापुढे पुन्हा ठेवला जातो, तो ते सगळे पहिल्यापासून वाचतो आणि मग उत्तर देतो. शाळेतली पाटी डोळ्यांपुढे आणा. पाटीवर जे लिहिलेले आहे तेवढेच त्याचे आजचे ज्ञान. पाटी भरली की नवे लिहायला वरचे पुसावे लागते, किंवा वरच्या दहा ओळींचा एका ओळीत सारांश करावा लागतो. पुसताना कोणती ओळ गेली हे तो आपल्याला सांगतोच असे नाही. दुसरे संभाषण उघडले की पाटी कोरी.

या पाटीचे माप टोकनमध्ये करतात. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले तेव्हा पाटी साधारण चार हजार टोकनांची होती. मार्च २०२३ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली ती आठ हजारांची, आणि बत्तीस हजारांचीही होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने दहा लाख टोकनांची पाटी दाखवली. तेव्हा पाट्या मोठ्या होत आहेत यात शंका नाही. पण दोन गोष्टी आपल्या लोकांनी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे, बहुतेक यंत्रांत देवनागरी शब्दाचे इंग्रजी शब्दापेक्षा जास्त तुकडे पडतात, म्हणून तेवढेच बोलणे मराठीत केले तर पाटी लवकर भरते. दुसरी गोष्ट, पाटी मोठी असली तरी सगळीकडे सारखे लक्ष जात नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासून पाहिले, तेव्हा लांबलचक मजकुराच्या सुरुवातीचे आणि शेवटचे यंत्रांना बरे सापडत होते आणि मधले हातचे निसटत होते. सभेत बसलेल्या माणसासारखेच म्हणायचे. अध्यक्षांचे स्वागत आठवते, शेवटचा चहा आठवतो, मधला अहवाल कोणाला आठवतो?

आमच्या पुतण्याने तर आणखी घोळ घातला होता. फेब्रुवारीपासून एकाच संभाषणात त्याने ऊस विचारला, संत्र्याचा आंबिया बहार विचारला, मामाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याच्याकडून लिहून घेतली, आणि मधूनमधून स्वतःचा परीक्षेचा अभ्यासही केला. उसाचा दुसरा हप्ता आणि पत्रिकेतला ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हे सगळे एका पाटीवर. मग गडी घोटाळणारच.

सालदाराची उपमा मला जास्त पटते. पाडव्याला नवा सालदार येतो. हाडाचा शेतकरी असतो, वखर-डवरा त्याला शिकवावा लागत नाही. पण आपला धुरा कुठे, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणत्या बैलाला उजवीकडे जुंपायचे, हे त्याला काय माहीत? म्हणून शहाणा मालक पहिल्या दिवशी त्याला धुऱ्याधुऱ्याने फिरवतो. “तुले समजत कसं नाही” म्हणून पहिल्याच दिवशी ओरडणारा मालकही असतो, आणि त्याचे काम तसेच होते. मोबाइलमधला सालदार मात्र वर्षातून एकदा नव्हे, दर नव्या संभाषणाला नवा असतो. तसे पाहिले तर हे काही आजचे नाही. जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झाले, तिथेही दर वेळी वेगळा माणूस फोन उचलायचा आणि आपल्याला जमिनीपासून सगळे पुन्हा सांगावे लागायचे. फरक इतकाच की तो माणूस प्रामाणिकपणे विचारायचा, “तुमचे पीक किती दिवसांचे आहे?” यंत्र विचारत नाही, धरून चालते.

आणि इथेच आमच्या हातून दुसरी चूक झाली, ती पहिल्यापेक्षा मोठी होती.

विसर पडल्याचे दिसताच पुतण्याने त्याला दरडावले, “तुला आठवत नाही का? तिसरा हप्ता १२ मेला दिला होता ना?” यंत्र लगेच नरमले. माफी मागितली, आणि म्हणाले, “होय, बरोबर, आपण तिसरा हप्ता १२ मेला दिला होता.” पोरगा खूश. मला मात्र शंका आली. मी म्हटले, याला तर आत्ताच दहा बॅगा आठवत होत्या, एकदम १२ मे कुठून आली? त्याने आपलेच शब्द आपल्याला परत दिले होते. मुनिमाला विचारावे, “शेठ, माझे पैसे जमा झाले ना?” आणि त्याने वही न उघडता मान हलवावी, तसे.

आता प्रश्न उभा राहिला की तिसरा हप्ता खरोखर दिला होता का, आणि कधी. पुतण्या म्हणे १२ मे. मला आठवत नव्हते, मी त्या सुमारास अकोल्याला दवाखान्याच्या कामात होतो. आणि हप्ता दिलाच नसेल तर बांधणीला चारऐवजी पाच बॅगा लागणार होत्या. तेव्हा प्रश्न पुसटसा नव्हता.

माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “काहून भांडता रे? अखाजीच्या दुसऱ्या दिवशी टाकला ना खत. घागर भरलेली तशीच होती देवाजोळ, अन् मी बादली धरून होती तुह्या संगं.” पुतण्या म्हणाला, “आजी, ते नदीकडच्या वावराचं असन.” माय म्हणाली, “नदीकडं मी गेलीच नाही औंदा, पाय चालतात कुठं माहे?”

२०२५ मध्ये अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. म्हणजे माय म्हणते ती तारीख १ मे. मी कपाटातली पावत्यांची पिशवी काढली. खत दुकानाची २९ एप्रिलची पावती निघाली, युरिया एक बॅग. लावणीची तारीख कारखान्याच्या ऊस नोंदीच्या पावतीवर होती, ६ फेब्रुवारी. ६ फेब्रुवारीपासून १ मे म्हणजे बरोबर बारा आठवडे. मायचे म्हणणे, पावती आणि शिफारस, तिन्ही एका ठिकाणी आले. १२ मे ही खुरपणीची तारीख होती, पोराच्या डोक्यात ती चिकटून बसली होती.

त्या रात्री मला आपल्या रिद्धपूरची आठवण झाली. मोर्शी तालुक्यातले हे गाव बहुतेकांनी पाहिलेले असेल. २०२४ पासून तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून याच गावी लीळाचरित्र सिद्ध केले, इ. स. १२७८ च्या सुमारास. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, अशांकडून एकेक लीळा मिळवायची आणि नागदेवाचार्यांसारख्या जाणत्याकडून ती तपासून घ्यायची, असा त्यांचा रिवाज. पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली. मग मागे राहिलेल्या मंडळींनी काय केले? ज्याला जे पाठ होते ते जमवून पोथी पुन्हा उभी केली. एकाचे दुसऱ्याशी सगळेच जुळले नाही. म्हणून लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ झाले, त्यातला एक तर हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. मला यातली जी गोष्ट मोलाची वाटते ती अशी की हा पाठ कोणाचा, हे त्यांनी पुसून टाकले नाही. नाव ठेवले. सातशे वर्षांनंतरही अभ्यासकाला कळते की हे अमक्याच्या स्मरणातून आलेले आहे.

कुठे लीळाचरित्र आणि कुठे युरियाची बॅग, असे कोणी म्हणेल. मी तुलना करत नाही. पण हरवलेले परत कसे जमवावे याची रीत आपल्याच जिल्ह्यात सापडते, तर ती दुसरीकडे शोधायला कशाला जायचे? दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच रीतीने बसलो. पुतण्या मोबाइल घेऊन, मी पावत्या घेऊन आणि माय मध्ये बसून.

पहिले काम, जुने संभाषण वरपर्यंत सरकवून वाचून काढले. हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. यंत्राच्या पाटीवरून पुसले गेले तरी आपल्या मोबाइलवर जुने बोलणे बहुधा तसेच राहते. आपण वाचू शकतो, यंत्राला मात्र त्या वेळी ते दिसत नसते. त्यातून उसाच्या कामाच्या तेवढ्या ओळी काढल्या. पत्रिका आणि परीक्षा सोडून दिली.

दुसरे, जुन्या संभाषणात रदबदली करत बसलो नाही. तिथे आता चुकीच्या दहा बॅगा, खोटी १२ मे आणि माफीनामा असा कचरा साचला होता, आणि नवे उत्तर देताना तो सगळा कचराही यंत्र वाचणारच. कोरी पाटी बरी. नवे संभाषण उघडले आणि पहिलीच गोष्ट म्हणून एक टाचण लिहून दिले. ते जसेच्या तसे देतो, सभासदांना नमुना म्हणून उपयोगी पडेल:

“हे टाचण फक्त आखराच्या वावराचे आहे. क्षेत्र दोन एकर. जमीन काळी, मध्यम ते खोल. पाणी विहिरीचे, गोडे, सरीने देतो. ऊस सुरू, वाण को ८६०३२, लावण ६ फेब्रुवारी २०२५ (नोंद पावतीवरून). नत्राचा पहिला हप्ता लावणीला, युरिया एक बॅग (पावती आहे). दुसरा हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, चार बॅगा (पावती आहे, टाकल्याची तारीख आठवणीतून). तिसरा हप्ता १ मे, एक बॅग (पावती आणि आईची आठवण). स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून, पालाश निम्मे लावणीला दिले, निम्मे बांधणीला द्यायचे आहे. आधी ठरले होते की जास्त नत्र देऊन ऊस लोळवायचा नाही, कारण हे वावर वाऱ्यावर आहे. जमिनीची आरोग्य पत्रिका सोबत फोटोत आहे. आज मोठी बांधणी आहे. प्रश्न असा की कोणते खत किती द्यावे. उत्तर देण्याआधी, तुला वरून काय समजले ते तुझ्या शब्दांत सांग, आणि जे इथे नाही ते धरून चालू नको, मला विचार.”

यातली शेवटची दोन वाक्ये विशेष आहेत. “आठवते का?” असे विचारू नये. त्यावर गडी भिडेखातर हो म्हणतो. “तुला काय माहीत आहे ते सांग” असे म्हटले की त्याच्या पाटीवर खरोखर काय लिहिलेले आहे ते उघडे पडते. आमच्या यंत्राने सगळे परत सांगितले, एक चूक केली: दुसऱ्या हप्त्याच्या चार बॅगा एकराला धरल्या, दोन एकराला नाही. चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली. चूक आमच्या टाचणाचीही होती. ‘दोन एकराला’ असे आम्ही लिहिलेच नव्हते. मग त्याने उलट विचारले की पालाश कोणत्या खतातून देणार. मला फार बरे वाटले. विचारणारा सालदार भरवशाचा.

कंसातली ती ‘पावतीवरून’, ‘आठवणीतून’ ही टीप पुतण्याला आधी फालतू वाटली होती. पण नदीकडच्या वावराचे टाचण करताना तिची किंमत कळली. त्या वावराबद्दल यंत्राने मार्चमध्येच बजावले होते की पाणी तपासून घ्या, जिप्सम माती परीक्षण पाहून टाका, आणि म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, कारण त्यातल्या क्लोराइडाचे ओझे खाऱ्या जमिनीवर आणखी कशाला. पालाश सल्फेटमधून द्या. हेही ते विसरले होते आणि जूनमध्ये सरळ म्युरेट लिहून मोकळे झाले होते. आमच्यातही कोणाला हे नीट आठवत नव्हते, पोराला वाटत होते की पाणी तपासून झाले आहे. जुने संभाषण वाचल्यावर कळले की तपासायला टाकू असे नुसते म्हटले होते, बाटली भरून नेलीच नव्हती. म्हणून त्या टाचणात लिहिले, ‘पाणी: खारे, चवीवरून, तपासणी बाकी’. नुसते ‘पाणी खारे’ लिहिले असते तर पुढच्या वेळी यंत्राने आणि आम्हीही तो तपासणीचा निकाल समजून चाललो असतो. बाटली मग अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जाणाऱ्या एका शेजाऱ्याच्या हाती दिली.

काही यंत्रांत आता ‘स्मृती’ नावाची वेगळी सोय असते. आपल्याविषयीच्या चार-दोन गोष्टी ते वेगळ्या वहीत टिपून ठेवते आणि नव्या संभाषणात वापरते. सोय चांगली आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. ती वही अधूनमधून उघडून पाहावी लागते. आमच्या वहीत काय निघाले माहीत आहे? ‘वापरकर्त्याच्या घरी लग्न आहे.’ लग्न होऊन नवरी नांदायला गेली, तरी याचे आपले चालूच. लावणीची तारीख मात्र त्यात नव्हती. जुने झालेले पुसून टाकता येते, ते पुसावे. गेल्या हंगामाचे वाण, मोडलेला खोडवा, अशी जुनी टिपणे राहिली तर ती नव्या सल्ल्यात मिसळतात, आणि हे विसरण्यापेक्षा वाईट.

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याचा गवगवा आपण ऐकला आहे. कोणी विचारेल, तिथे हा विसराचा त्रास नाही काय? तो प्रकार वेगळा आहे. तिथे जमिनीत बसवलेली यंत्रे ओल मोजतात, उपग्रहाचे चित्र येते, हवामानाची नोंद होते आणि ती सगळी माहिती वावरावार साठवून ठेवली जाते. तिथली वही यंत्रणाच लिहिते. आपल्या मोबाइलमधल्या बोलण्याची वही आपल्याला लिहावी लागते.

तेव्हा सभासदांना माझी विनंती आहे की प्रत्येक वावराला वेगळे संभाषण ठेवावे, आणि मोबाइलचे काम झाले की दर टप्प्याला यंत्राकडूनच ‘आतापर्यंतचे टाचण करून दे’ असे मागून घ्यावे. ते वाचून, दुरुस्त करून साध्या वहीत उतरवावे. न वाचता उतरवू नये. सारांश करताना ते आकडे खाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. वही अशासाठी की मोबाइल फुटतो, हरवतो, पोरगा पुण्याला शिकायला जातो आणि संभाषण त्याच्यासोबत जाते. टाचणात आधार क्रमांक, बँकेचे खाते, ओटीपी असले काही घालू नये. उसाला त्याची गरज नाही. आणि खताच्या मात्रेचा अखेरचा शब्द आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याचा किंवा घातखेड, दुर्गापूर, सिसा उदेगाव यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा घ्यावा. त्यांनाही हेच टाचण दाखवावे. आमच्या गटाच्या शेतकी मदतनिसाने ते वाचले आणि म्हणाला, “भाऊ, असं लिहून सारेच आणतीन तं माहं अर्धं काम होते.” त्याने चार बॅगांवर शिक्कामोर्तब केले.

बांधणीच्या दिवशी सकाळी पुतण्याने बॅगा मोजून धुऱ्यावर उतरवल्या, चार. माय खाटेवरूनच म्हणाली, “आज तारीख लिहून ठेव रे बापा. पुढच्या बारीले मी सांगाले असन का नसन.” त्याने वही काढली आणि लिहिले: २४ जून २०२५, आखराचे वावर, मोठी बांधणी, युरिया चार बॅगा, दोन एकराला. आणि कंसात लिहिले, (स्वतः पाहिले).